लाँड्रीच्या खिडकीतली तिसरी काच

"आणि पुढे?"

मला इथं बसवून एक रात्र उलटली होती, तेवढ्यात एका माणसानं मला हे विचारलं. तोंड अगदी माझ्याजवळ आणून, हळू आवाजात. त्याच्या श्वासानं माझ्यावरच्या पांढऱ्या वाफेत एक गोल डाग पडला आणि विरून गेला. मी काय सांगणार? मागचंच मला ठाऊक नव्हतं, तर पुढचं कुठून सांगू? मग त्यानं तेच लाँड्रीतल्या प्रत्येकाला विचारलं. त्यांच्यापैकी कुणालाही सांगता आलं नाही.

मी तिसरी काच बोलतेय. या खिडकीत एकाखाली एक अशा तीन काचा आहेत. वरच्या दोघी जुन्या आहेत. त्यांच्या अंगात बारीक बुडबुडे आहेत आणि त्यांच्यातून बघितलं की बाहेरची भिंत जरा हलल्यासारखी दिसते. मी नवी, सपाट, सरळ. मला बघून कुणी काच म्हणत नाही. "ती नवी" म्हणतात.

माझा जन्म एका मोठ्या तावातून झाला. तो ताव चपलांच्या दुकानाच्या दर्शनी भागात बसायचा होता. उतरवताना कोपरा तडकला, आणि उरलेला भाग काचवाल्याच्या भिंतीला टेकून पडून राहिला. तिथं मी बरेच दिवस धूळ खात होते. मग ऐन थंडीत हा माणूस आला. वय वीस-बावीस. डोळे सुजलेले. हातात एक दोरा, दोऱ्याला दोन गाठी.

"एवढी लांब, एवढी रुंद," तो म्हणाला.

काचवाल्यानं दोरा उचलून बघितला. "दोऱ्यानं काच मोजतात का रे? ताणला की वाढतो, सोडला की आकसतो."

"कापा तुम्ही."

"बसली नाही तर?"

"तर परत येईन."

"तू येशील. काच कुठून परत येणार?"

तरीही त्यानं हिरकणी फिरवली. हिऱ्याच्या त्या टोकानं काच कापतात. ती अंगावरून गेली की कर्र असा आवाज होतो, आणि मग एक हलका ठोका. एवढंच. दुखत नाही. काचेला काही वाटत नाही असं लोक धरून चालतात, आणि ते फारसं चूक नाही. मला थंड कळतं, ऊन कळतं, वाफ कळते. बाकीचं मी नुसतं बघते.

मला एका चादरीत गुंडाळून, खांद्यावर घेऊन तो चालत इथं आला. आणि व्हायचं तेच झालं. मी बोटभर कमी पडले. त्यानं डावीकडच्या फटीत पुट्टी भरली, ती वाळेपर्यंत अंगठ्यानं दाबत राहिला. अजूनही तिथून गार वारा येतो आणि बारीक शीळ वाजते. इस्त्रीवाली मावशी तेव्हाच म्हणाली, "झालं. आता खिडकीसुद्धा बोलायला लागली."

ही लाँड्री मोठी नाही. धुण्याची दोन मशिनं, एक बॉयलर, इस्त्रीची लांब टेबलं आणि कपड्यांचे गठ्ठे. गठ्ठे तीन ठिकाणांहून येतात: दवाखान्यातून, हॉटेलातून आणि न्हाव्यांकडून. धुऊन झाल्यावर पांढरं ते सगळं सारखंच दिसतं. म्हणून इथली एक पद्धत आहे. टेबलावर कुठला गठ्ठा चालू आहे ते साबणाचं पाणी बोटाला लावून खिडकीच्या काचेवर लिहायचं. थंडीत काचा वाफेनं पांढऱ्या होतात, पण साबणाचं बोट जिथं फिरलं तिथं वाफ धरत नाही. अक्षरं स्वच्छ राहतात, आणि त्यांच्यातून बाहेरचं अंगण दिसतं. गठ्ठा संपला की हात फिरवून पुसायचं आणि दुसरं लिहायचं.

नीट पुसलं नाही, तर साबण काचेवर राहतो. दिवसा कोरड्या काचेवर काही दिसत नाही. दुसऱ्या सकाळी बॉयलर पेटला, वाफ झाली, की कालचं लिहिलेलं पुन्हा उमटतं.

मी बसले त्याच्या दुसऱ्या सकाळी तेच झालं. वाफ वर चढली. माझ्यावर काहीच नव्हतं, मी नुसती पांढरी झाले. पण सगळ्यात वरच्या काचेवर एक ओळ उघडली, आणि मधल्या काचेवर दुसरी. तो पुट्टीचा डबा आवरत होता. वर बघितलं आणि तो तसाच उभा राहिला. त्याला भराभर वाचता येत नाही. अक्षर अक्षर जोडत त्यानं वाचलं.

"थंडी सरेना."

मग खाली.

"उतावळं हे झाड."

मग माझ्याकडे बघितलं. आणि मघाशी सांगितला तो प्रश्न विचारला.

मावशी इस्त्री ठेवून त्याच्यामागं येऊन उभी राहिली. "ताईचं अक्षर आहे," ती म्हणाली.

"माहितेय."

"शेवटच्या दिवशीचं असेल. त्यानंतर इथं कुणी काही लिहिलंच नाही."

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. गठ्ठे लावायचं काम तिचं होतं. मी तिला बघितलेलं नाही. जे मला माहीत आहे ते सगळं इथं बोलताना ऐकलेलं आहे. एका संध्याकाळी ती अंगात ताप घेऊन घरी गेली, छातीत कफ भरला, आणि आठवड्याच्या आत ती गेली. मावशी हे सांगते तेव्हा तिचा आवाज हवामान सांगितल्यासारखा असतो. फार वेळा सांगून तो तसा झाला असावा.

ती गेल्यानंतर तो तिच्या वस्तू न्यायला इथं आला होता. चपला, स्वेटर आणि जेवणाचा निळा डबा. मशिनं चालू होती. कुणीतरी कशावरून तरी हसलं. त्याला ते सोसलं नाही आणि हातातला डबा त्यानं भिरकावला. डबा खिडकीवर आदळला आणि तिसरी काच फुटली. माझ्याआधीची. तिच्यावर काही लिहिलेलं असेल हे त्याच्या गावीही नव्हतं. काचा तेव्हा कोरड्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो मान खाली घालून आला, म्हणाला, "मी बसवून देतो." मालक म्हणाले, "काच बसव. आणि मग तिच्या जागी कामालाही ये. गठ्ठे पडून आहेत."

असे आम्ही दोघं एकाच दिवशी इथं लागलो. दोघंही दुसऱ्या कुणाच्या तरी जागेवर.

त्या ओळींची गोष्ट अशी की ताई रोज तीन ओळी लिहायची. दवाखान्यातली एक नर्स कोट द्यायला यायची, तिनं शिकवलं होतं. पहिल्या ओळीत पाच अक्षरं, मधल्या ओळीत सात, शेवटी पुन्हा पाच. हायकू म्हणतात. मावशी त्याला 'हायकू-फायकू' म्हणायची. गठ्ठ्याचं नाव पुसून झालं की दुपारच्या सुट्टीत ताई एका काचेवर एक अशी ओळ लिहायची. थंडी संपत आली की लिहिणं वाढायचं, आणि विषय एकच: लवकर आलेली फुलं. कुठं फुटपाथच्या भेगेत काही उगवलं, कुठं कुंपणावर कळी दिसली, की दुसऱ्या दिवशी ते खिडकीत.

तिसऱ्या ओळीसाठी त्यानं सगळ्यांना धरलं. आधी मावशीला.

"मावशी, तुम्ही रोज बघायचात ना?"

"बघायची. वाचायची नाही. माझा हात इस्त्रीवर, डोळे कॉलरवर. ती विचारायची, कसं झालंय मावशी? मी म्हणायची, छान."

"न वाचता?"

"छानच असायचं रे. तिचा चेहरा बघून कळायचं."

मग गाडीवाल्या काकांना. ते गठ्ठे आणतात आणि पोचवतात. ते म्हणाले, "मी अंगणातून बघायचो. बाहेरून सगळं उलटं दिसतं. आणि ती सारखी बोटं मोजायची, तर मला वाटायचं उशांचे अभ्रे मोजतेय. मी म्हणायचो, किती झाले गं? ती म्हणायची, पाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच. मनात म्हणायचो, या पोरीचे अभ्रे काही वाढत नाहीत."

मालक म्हणाले, "मी तिला दोनदा सांगितलं होतं, काचांवर गिरगटू नकोस म्हणून." एवढं बोलून ते आत गेले आणि बराच वेळ बॉयलरचा काटा बघत बसले. काटा हलत नव्हता.

अंगणात एक झाड आहे. लाँड्रीचं गरम पाणी नालीतून त्याच्या मुळाशी जातं, त्यामुळं ते दरवर्षी फसतं. बाकीची झाडं झोपलेली असतात आणि हे पानांच्या आधी पांढरी फुलं घेऊन उभं राहतं. मग पुन्हा गारठा पडतो आणि निम्मी फुलं करपतात. तरी पुढच्या वर्षी तेच.

"तिनं लिहिलं तेव्हा ते फुललं होतं का?" त्यानं मावशीला विचारलं.

"छे. कळीसुद्धा नव्हती. काड्या होत्या नुसत्या."

"मग उतावळं का लिहिलं?"

"दरवर्षी तेच करतं म्हणून. ती तुलाही उतावळ्याच म्हणायची ना?"

"हो."

"मग. म्हणायची, हे झाड आमच्या धाकट्यासारखं आहे. कितीही सांगा, याला दम धरवत नाही."

त्यानं पुढचा गठ्ठा उचलला आणि चुकीच्या टेबलावर टाकला.

चुकीच्या टेबलावरून आठवलं. वरच्या दोन्ही काचांवर ताईच्या ओळी, त्या पुसायला कुणी तयार नाही. माझ्यावर लिहायलाही कुणी धजेना, कारण माझी जागा तिच्या तिसऱ्या ओळीची. मग गठ्ठ्याचं नाव लिहिणार कुठं? या लोकांनी ते लिहिणंच बंद केलं. लक्षात ठेवू म्हणाले. चारच दिवसांत सगळ्याचा गोंधळ. न्हाव्यांचे टॉवेल हॉटेलात गेले, पाहुण्यांना त्यात केस सापडले. दवाखान्याच्या चादरी हॉटेलच्या खोल्यांत गेल्या, त्यांच्या कोपऱ्यावर 'वॉर्ड' असं छापलेलं. आणि हॉटेलचा झालरवाला टेबलक्लॉथ दवाखान्यात एका म्हाताऱ्या पेशंटच्या अंगावर पडला. त्याला तो आवडला. परत मागायला गेले तर देईना.

"आता तो बरा होईपर्यंत थांबायचं," काका म्हणाले.

"तो म्हणे मुद्दाम बरा होत नाहीये," मावशी म्हणाली.

लोक हसले. धाकटा हसला नाही, पण त्यानं या वेळी काही फेकलंही नाही.

मला वाटलं होतं, तो हळूहळू विसरेल. माणसं विसरतात, मी बघितलंय. पण त्याला विसरून चालणार नव्हतं, कारण घरी आई होती. हे त्यानं मावशीला सांगितलं. खिडकीशी उभं राहून, मशिनच्या आवाजात.

ताई रोज संध्याकाळी घरी गेली की आईशेजारी बसून भाजी निवडायची आणि त्या दिवशीच्या तीन ओळी म्हणून दाखवायची. आईला वाचता येत नाही. तिनं त्या सगळ्या कानांनी पाठ केल्या. त्या शेवटच्या संध्याकाळी ताप होता. ताई आली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. त्या दिवशीचं आईला ऐकायला मिळालंच नाही.

"आता रोज विचारते," तो म्हणाला. "दुसरं काही बोलत नाही. जेव म्हटलं की जेवते. बस म्हटलं की बसते. पण मी कामावरून गेलो की एवढंच, त्या दिवशीचं काय होतं रे? दोन ओळी मी सांगितल्या. तर म्हणते, आणि पुढे?"

"काच फुटली म्हणून सांग."

"कुणी फोडली विचारेल."

मावशीनं इस्त्री फिरवली. "मग तूच काहीतरी जोड. पाच अक्षरं तर आहेत. तिला काय कळणार?"

त्यानं ते केलं. दुसऱ्या दिवशी आला तो पडलेल्या चेहऱ्यानं.

"काय सांगितलंस?"

"आणि फुलं आली खूप."

"मग?"

"बोटांवर अंगठा फिरवला आणि म्हणाली, हे लांब आहे."

त्यानं पुन्हा प्रयत्न केला. या वेळी कुठल्यातरी कॅलेंडरवरचा शब्द उचलला. बहर आला. आई म्हणाली, "बहर? माझ्या पोरीच्या तोंडात असला शब्द कधी नव्हता." आणि मग तिनं त्याला ताईच्या जुन्या ओळी म्हणून दाखवल्या, कशा असतात ते कळावं म्हणून. तो कामावर आल्यावर त्या मावशीला म्हणून दाखवत होता, तेव्हा मीही ऐकल्या.

*गटाराकाठी*
*एक पिवळं फूल*
*कोणी लावलं*

आणि दुसरी,

*बंद दुकान*
*पायरीवर कळी*
*आधी उघडे*

मावशीनं इस्त्री उभी करून ठेवली. "हे तिनं या खिडकीत लिहिलं होतं?"

"हो."

"आणि मी छान म्हटलं होतं." मग तिला कॉलर उलटी इस्त्री झालेली दिसली, ती तिनं पुन्हा ओली करून सरळ केली.

दिवस मोठे व्हायला लागले. सकाळची वाफ आता उशिरा धरायची आणि लवकर उतरायची. ओळी उमटायच्या, पण चहाच्या वेळेपर्यंत जायच्या. मला तेव्हा कळलं की त्या कशावर टिकून आहेत. बाहेर गारठा आणि आत ऊब, हे दोन्ही असेल तोवरच त्या दिसणार. एकदा हवा तापली की काच धुरकटत नाही. ज्या फुलांची ती वाट बघायची, ती आली की तिचं लिहिलेलं दिसेनासं होणार.

आणि मालकांनी जाहीर केलं की आठवड्याच्या शेवटी बॉयलर बंद. दरवर्षी थंडी सरली की एक दिवस बॉयलर उघडून आतला थर खरवडतात, आणि त्याच दिवशी सगळ्या काचा सोड्यानं धुतात. धाकटा म्हणाला, "ही खिडकी सोडा." मालक म्हणाले, "त्या म्हाताऱ्याकडे माझा टेबलक्लॉथ अडकलाय. अजून किती दिवस सोडू?" ओरडले नाहीत. उलट जरा वेळानं येऊन म्हणाले, "तू सांगशील त्या वेळी धुऊ. पण धुऊ."

मग ती सकाळ आली. रात्री पुन्हा थोडा गारठा पडला होता. बॉयलर पेटला, वाफ चढली, वरच्या दोघींवर ओळी उघडल्या. तो गठ्ठा घेऊन खिडकीपाशी आला आणि थांबला. मधल्या काचेवर 'झाड' लिहिलंय ना, त्या अक्षरांमधून पलीकडे पांढरं काहीतरी दिसत होतं. त्यानं वाकून बघितलं. मग बाहीनं मला एका कोपऱ्यात पुसलं आणि तिथून बघितलं.

सगळ्या काड्यांवर फुलं होती. एकही पान नाही. नालीतून वाफ निघत होती आणि झाड त्या वाफेत उभं होतं.

"मावशी," तो म्हणाला.

"बघितलं सकाळीच. तुला सांगणार होते. मग म्हटलं, दिसेल तेव्हा दिसेल."

तो रडला वगैरे नाही. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. महिनाभर नव्हतंच. त्यानं गठ्ठा खाली ठेवला, बादलीत बोट बुडवलं आणि माझ्यावर लिहायला लागला. एवढ्या दिवसांत माझ्यावर कुणी पहिल्यांदा काही लिहीत होतं. बोट गरम होतं, नख वाढलेलं. अक्षरं मोठी, एक वर एक खाली. विचार करून लिहीत होता असं मला वाटलं नाही. एखाद्याला हाक मारावी तसं ते होतं.

*ताई, फुललं*

मावशी मागून आली. तिनं वाचलं. आता ती खिडकीवरचं सगळं वाचते. वाचून झाल्यावर तिनं पदराखाली बोटं मोजली. मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन आला. लाँड्री उघडायच्या आधीच त्यानं बॉयलर पेटवला होता आणि वाफेची तोटी मोकळी सोडली होती. हवा एवढी गार नव्हती, म्हणून जास्त वाफ लागणार होती. मावशी आत शिरली तर तिला टेबल दिसेना. "खिडकी दाखवायचीय की आम्हाला उकडायचंय?" असं म्हणत ती बाजूला झाली.

आई लहानखुरी होती. शाल घट्ट गुंडाळलेली. आल्या आल्या तिनं विचारलं, "ती कुठं उभी राहायची?" त्यानं जागा दाखवली. ती तिथं उभी राहिली आणि थांबली. आम्ही तिघी हळूहळू पांढऱ्या झालो. ओळी उघडल्या.

"वाच," आई म्हणाली.

त्यानं बोट ठेवून वाचलं. "थंडी सरेना." खाली आला. "उतावळं हे झाड." आणखी खाली आला. "ताई, फुललं."

आईनं अंगठा बोटांवरून फिरवला. करंगळीपासून सुरुवात करून तो स्वतःवरच येऊन थांबला. मूठ मिटली.

"हे तिनं नाही लिहिलं."

"नाही."

"तिचं काय होतं?"

"माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. ती काच मी फोडली. डबा फेकला."

मशिन फिरत होतं. मावशीनं इस्त्री उचलली होती, ती हवेतच धरून ठेवली.

"कुठला डबा?" आईनं विचारलं. "निळा?"

"हो."

"पोचा आला असेल."

"आलाय. मी माळ्यावर ठेवला."

"काढ. चालतो तो." ती पुन्हा खिडकीकडे वळली. अक्षरांमधून झाड दिसत होतं. तिला अक्षरं येत नाहीत, त्यामुळं तिला त्यांच्यात झाडच दिसत असावं. "बरोबर आहे," ती म्हणाली. "पाचच आहेत. परत वाच."

त्यानं परत वाचलं. पुन्हा एकदा वाच म्हणाली, त्यानं पुन्हा वाचलं. मग आईनं हात पुढं करून माझ्यावर तळवा टेकवला, अक्षरांच्या जरा खाली, जिथं काही लिहिलेलं नव्हतं. तिचा हात गार होता. तिनं तो काढला तेव्हा तिथं पाच बोटं उरली. वाफ पुन्हा भरली तशी ती गेली. साबण नव्हता ना हाताला.

जाताना मावशीनं तिला चहा विचारला. आई म्हणाली, "घेते." धाकटा त्या दोघींकडे बघत राहिला. एवढ्या दिवसांत तिनं स्वतःहून कशाला हो म्हटलं नव्हतं.

काचा धुवायच्या दिवशी ऊन होतं. आमच्यावर काहीच दिसत नव्हतं, आम्ही तिघी नुसत्या काचा होतो. मालक स्वतः बादली घेऊन आले. धाकटा म्हणाला, "द्या इकडे." स्टुलावर चढून त्यानं आधी वरची धुतली, मग मधली. सोड्याच्या पाण्यानं, मग साध्या पाण्यानं, मग जुन्या वर्तमानपत्रानं. कोपरेसुद्धा सोडले नाहीत. माझ्यापाशी आला तेव्हा थांबेल असं मला वाटलं. तो थांबला नाही. मलाही तसंच धुतलं, डावीकडची पुट्टी निघणार नाही एवढं जपून. खालच्या कट्ट्यावर निळा डबा होता. त्याला एका बाजूला खोल पोचा होता आणि झाकण नीट बसत नव्हतं, म्हणून दोरा बांधला होता. त्याच्यावरच्या दोन गाठींवरून मला वाटलं, हा तोच दोरा.

मी आता जुनी व्हायला लागलेय. डावीकडून शीळ वाजतेच. माझं मागणं फार नाही. इथून जाणाऱ्या-येणाऱ्यानं कधी काचेवर काही लिहिलेलं बघितलं, तर पुसण्याआधी एकदा वाचावं. छान म्हणायची गरज नाही. नुसतं वाचावं.

त्या दिवशी काचा वाळल्या आणि अंगणात काकांची गाडी आली. गठ्ठे उतरले. मावशीनं टेबल मोकळं केलं. उन्हाळ्यात वाफ नसते, तेव्हा साबणाची वडीच काचेवर ओढतात, पांढरी रेघ उठते. धाकट्यानं खिशातून झिजलेली वडी काढली आणि माझ्यासमोर उभा राहिला. झाडाची फुलं आता गळत होती आणि मागून पानं फुटत होती.

मग त्यानं लिहिलं. चादरी.

"चादरी," मावशीनं टेबलावरून मोठ्यानं वाचलं. हात इस्त्रीवरच होता, पण डोळे खिडकीकडे. "आणि पुढे?"

त्यानं वळून तिच्याकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे वळला, आणि सगळ्यांना लांबून दिसेल अशा मोठ्या अक्षरांत खाली लिहिलं, दवाखाना.